कोकोस बेटांवरचे टूथब्रश कोणाचे?

१/ ‘किनारे घाण होतात, कारण माणसे बेशिस्त असतात.’ हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. हिंदी महासागरातील कोकोस (कीलिंग) बेटांवर ते तपासता येते.

२/ ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील ही २७ प्रवाळबेटे पर्थपासून सुमारे २,७५० किलोमीटर दूर आहेत. वस्ती दोनच बेटांवर, माणसे जेमतेम ६००. एप्रिल १८३६ मध्ये डार्विन येथे आला, तेव्हा सागरी प्रवाहांनी वाहून आणलेल्या बिया आणि ओंडके यांची नोंद त्याने केली. समुद्र तेव्हा येथे अरण्य आणून पेरत होता.

३/ २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जेनिफर लेव्हर्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार या किनाऱ्यांवर कचऱ्याचे अंदाजे ४१.४ कोटी तुकडे, म्हणजे २३८ टन, साचले आहेत. त्यांत सुमारे ९ लाख ७७ हजार पादत्राणे आणि ३ लाख ७३ हजार टूथब्रश आहेत.

४/ आता हिशेब करू. नायलॉनच्या तंतूंचा टूथब्रश १९३८ साली बाजारात आला. तेव्हापासून २०१९ पर्यंत ६०० रहिवाशांनी दर तीन महिन्यांनी ब्रश बदलला आणि एकूण एक ब्रश किनाऱ्यावर फेकला, असे मानले तरी आकडा दोन लाखांपर्यंत पोहोचत नाही. बेशिस्तीचा आरोप येथेच कोसळतो.

५/ मग हा आरोप रुजला कसा? १९५३ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने पुन्हा न भरता येणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी घातली. त्याच वर्षी डबे व बाटल्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या मोहिमांनी दोष वस्तू बनवणाऱ्यावरून ती टाकणाऱ्यावर ढकलला. व्हरमाँटचा कायदा १९५७ मध्ये संपुष्टात आला. ती शिकवण मात्र जगभर पसरली.

६/ ‘निदान किनारे स्वच्छ तरी करू,’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. परंतु कोकोसवरील सुमारे ९३ टक्के तुकडे वाळूच्या वरच्या दहा सेंटीमीटरच्या थरात गाडलेले आहेत. नळ वाहता ठेवून फरशी पुसण्याला उपाय म्हणत नाहीत.

७/ तो नळ उत्पादनाचा आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जागतिक प्लास्टिक कराराचा ठराव झाला. २०२४ ची बुसान आणि २०२५ ची जिनिव्हा येथील बैठक मात्र कराराविना संपली. उत्पादनावर मर्यादा घालावी की नाही, हा वादाचा गाभा होता.

८/ बुसानमध्ये विकासाच्या हक्काचा दाखला देऊन भारतानेही उत्पादन-नियमनाला पाठिंबा नाकारला. विकासाचा हक्क आम्हाला मान्य आहे. पण त्या विकासाचे उष्टे ज्यांच्या दारात वाहून येते, त्या ६०० माणसांनाही हक्क आहेत. बेशिस्त तर आहेच. ती वाळूत नव्हे, वाटाघाटींच्या मेजावर शोधावी.