ताल विकत घ्यावा लागत नाही

दोन-तीन गिटारी एकत्र जमल्या, की आमचे तरुण ड्रमसेटसाठी देणगीदार शोधू लागतात. तो न मिळाल्यास यंत्रातील तयार ठेका लावून मोकळे होतात. या दोन्ही वाटांना आमचा स्पष्ट विरोध आहे.

पेरू देशातील आफ्रिकी गुलामांनी लाकडी खोक्यांवर ताल धरला. त्यातून ‘काहोन’ हे वाद्य जन्मले. १९७० च्या दशकात गिटारवादक पाको दे लुसिया यांनी ते स्पेनच्या फ्लामेंको संगीतात नेले. प्लायवूडची पेटी, पुढे पातळ फळी, मागे एक भोक; गावचा सुतारही ती करून देईल. मध्यावर तळहात मारावा, खर्ज घुमतो. वरच्या कडेवर बोटे मारावीत, टणत्कार उमटतो. गोव्याचे घुमट तर मातीचे भांडे आणि कातडे, एवढेच!

घरच्या एकट्याच्या सरावाला यंत्र उपयोगी पडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु यंत्र ऐकत नाही. गायक श्वासासाठी थबकला, तरी ते पुढेच धावते. पेटीवर बसलेला माणूस त्याच्यासाठी थांबतो, चुकलेल्याला सावरून घेतो. एकत्र वाजविण्याचे मर्म याहून निराळे ते काय? तेव्हा वर्गणीची पावती फाडण्यापूर्वी सुताराचे दार ठोठावा.