पिकअप घेताना परिमाण
परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या गरजेची मर्यादा स्वतः ठरवतो. जालन्यातील व्यापाऱ्याने मालवाहू पिकअप घेतानाही आधी आपल्या फेऱ्या आणि वजन मोजावे. लोखंडी माल घेऊन समृद्धी महामार्गाने नित्य लांब जायचे असेल, तर ओढीसाठी डिझेल योग्य. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या डिझेल गाड्यांतील काजळीची गाळणी स्वच्छ राहण्यास सलग धाव लागते. मोंढ्यापासून दुकानापर्यंतच्या आखूड फेऱ्यांत ती तुंबण्याचा धोका असतो. अशा कामास सीएनजी व पेट्रोल या दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी बरी. तिच्या सिलिंडरचे वजन आणि पंपाचे अंतर तेवढे हिशेबात धरावे. डिझेलपेक्षा तिची काजळीही कमी. बाजारपेठेतील हवा अखेर आपलीच मुले घेतात.