लेखाखाली नाव कोणाचे?



मुळशी तालुक्यातील ताम्हिणी हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव. २५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तेथे ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. समजा, तुमच्या वर्गाने मराठी विकिपीडियावर ताम्हिणीच्या पावसाविषयी लेख लिहिला. एकीने सारा मजकूर लिहिला. घाईत तिच्या हातून ‘५५६ सेंटिमीटर’ असे पडले. दुसऱ्याने ते ‘मिलिमीटर’ केले. तिसरीने इंग्रजी विकिपीडियातील एक परिच्छेद भाषांतर करून घातला. कोणीतरी मध्येच चेष्टेचे वाक्य घुसडले. ते लगेच काढले गेले. मुख्याध्यापकांनी संगणककक्ष वापरू दिला.

आता हा लेख शाळेच्या अंकात छापायचा आहे. लेखाखाली नावे कोणाकोणाची घालाल?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यातील मजकूर कोणालाही छापता येतो. मात्र लेखकांना श्रेय द्यावे लागते. मूळ पानाचा पत्ता दिला तरी चालतो, किंवा लेखकांची यादी द्यावी. यादी दिल्यास अगदी किरकोळ वा गैरलागू भर घालणाऱ्यांची नावे वगळण्याची मुभा आहे. प्रश्न येथेच उभा राहतो. किरकोळ म्हणजे किती?

प्रत्येक पानाच्या ‘इतिहासा’त कोणी, केव्हा, काय बदलले हे नोंदलेले असते. तेव्हा अक्षरे मोजून नावे लावणे सोपे आहे. माझ्या मते ते चुकीचे आहे. भौतिकीत आपण शिकतो, की भिंतीला कितीही जोर लावला, पण ती हलली नाही, तर कार्य शून्य. येथेही तसेच आहे. सेंटिमीटरचा मिलिमीटर करणाऱ्याने एकच शब्द बदलला. पण तो बदलला नसता, तर ताम्हिणीला एका दिवसात साडेपाच मीटर पाऊस पडला, असे वाचकांनी खरे मानले असते. त्याचे नाव यादीत हवेच. उलट, स्वल्पविराम पन्नास वेळा इकडेतिकडे हलवणाऱ्याचे नाव गाळले, तर अन्याय होत नाही.

चेष्टा करणाऱ्याची नोंद इतिहासात राहील. लेखकांच्या यादीत त्याला जागा नाही, कारण त्याचे काहीच लेखात उरलेले नाही. मुख्याध्यापकांचे आभार अवश्य माना, पण आभार वेगळे आणि लेखकत्व वेगळे. भाषांतराचे काय? भाषांतर करणारीचे नाव द्या आणि मूळ इंग्रजी लेखाचाही उल्लेख करा. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात ही शिस्त दिसते. त्याचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते आणि काही नोंदींखाली मूळ इंग्रजी लिहिणारा व मराठी करणारा अशी दोन नावे ‘इं.’ आणि ‘म.’ अशा खुणांनी वेगळी दाखवलेली असतात. दोन अक्षरांत केवढा प्रामाणिकपणा!

म्हणून माझी कसोटी साधी आहे. त्या व्यक्तीने केलेले काही लेखात टिकले आहे काय? आणि ते काढून घेतले, तर वाचकाचे नुकसान होईल काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर नाव घाला, मग तो इयत्ता आठवीतला मुलगा का असेना. त्याने टोपणनावाने लिहिले असेल, तर तेच टोपणनाव द्या.

हे मी उपदेशाच्या उंचीवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत माझ्या नावाने लेख छापला गेला. त्यातली मोजमापे आणि आकडेमोड माझ्या दोन विद्यार्थिनींनी केली होती. त्यांची नावे आली नाहीत आणि मी गप्प बसलो. त्या दोघीही काही बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला आजही आठवते.

शिक्षकांनाही एक विनंती. यंदा प्रकल्पाची वही तपासताना मुलांना विचारा : “कोणी काय केले?” आणि मिळालेले उत्तर वहीच्या पहिल्याच पानावर लिहायला लावा.