आधी माणसाचे माप, मग सायकलीचे



आमच्या वस्तीतला एक तरुण रोज सायकलने कारखान्यात जातो. जायचे नऊ किलोमीटर, यायचे नऊ किलोमीटर. मध्ये आठ तास उभ्याने काम. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा उजवा गुडघा समोरून, वाटीच्या खाली दुखू लागला. आधी बाम चोळून झाला, मग मेडिकलमधून गोळ्या आल्या. गोळी घेतली की दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पोरगा सायकल विकायची म्हणतोय. रोज बस-रिक्षाला पैसे घातले तर घरात काय उरणार? तुम्ही त्याला जरा समजवा."

मी समजावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सायकल घेऊन बोलावले आणि समोर दोन चकरा मारायला सांगितले. पायडल वर आले की त्याचा गुडघा पोटाकडे येत होता, आणि पायडल खाली गेले तरी पाय निम्मा वाकलेलाच राहत होता. सीट अगदी खाली दाबून बसवलेली. विचारले, "एवढी खाली का रे?" तो म्हणाला, "काका, सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून." चार वर्षांपूर्वी सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने हवा भरली, नट आवळले, पैसे मोजून घेतले. पण त्याला एकदाही सीटवर बसवून पाहिले नाही.

दोष पायाचा नव्हता आणि सायकलीचाही नव्हता. दोघांचे माप जुळवलेले नव्हते. साध्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की सायकल साधारण पाच-साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे अठरा किलोमीटरला प्रत्येक गुडघा तीन हजारांहून जास्त वेळा वाकतो. एवढ्या वेळा चुकीच्या मापात वाकला तर तो दुखणारच. साधा सदरा शिवायचा तर शिंपी आधी टेप काढतो. मग ज्या वाहनावर रोजीरोटी अवलंबून आहे, त्याला माप नको का?

हे माप जुळवण्याचा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. पुणे-मुंबईसारख्या शहरांत असे काम करणारे लोक आहेत. त्यांना बाईक फिटर म्हणतात. शर्यतीत भाग घेणारे आणि लांबच्या सफरी करणारे त्यांच्याकडे जातात. फी काही हजारांत असते, ती आपल्या खिशाला परवडणारी नाही. मात्र फिटर म्हणवून घ्यायला आपल्याकडे कोणताही सरकारी परवाना लागत नाही. तेव्हा मोठी पाटी आणि संगणक पाहून भुलू नये. शहरातला फिटर असो की नाक्यावरचा मिस्त्री, चांगल्या माणसाची ओळख एकच. त्याचा हात पान्याकडे जाण्याआधी त्याची नजर तुमच्याकडे जाते.

ही ओळख कशी पटवावी?

पहिली गोष्ट, तो विचारतो. रोज किती चालवता, काम उभ्याचे की बसून, कुठे दुखते, केव्हापासून, पूर्वी हाड मोडले होते का.

दुसरी, तो तुम्हाला सायकल चालवताना पाहतो. रस्त्यावर किंवा स्टँडवर, बाजूने आणि मागूनही. उभ्या माणसाची नुसती उंची मोजून काम भागत नाही, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांचे पाय सारख्या लांबीचे असतीलच असे नाही.

तिसरी, तो एका वेळी एकच बदल करतो. सीट, हँडल सगळे एकदम हलवले तर कशाने बरे वाटले हे कळत नाही.

चौथी, तो आधीचे आणि नंतरचे माप लिहून तुमच्या हातात देतो. उद्या सीट चोरीला गेली तरी माप आपल्याजवळ राहते.

पाचवी, तो पुन्हा बोलावतो. आल्या आल्या नवी सीट, नवे हँडल विकायला काढणाऱ्यापासून सावध राहावे. आणि गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर चांगला फिटर स्वतःच सांगतो की आधी डॉक्टरांना दाखवा.

आता घरी काय करता येईल ते पाहू. सायकल भिंतीला टेकवा, रोजची चप्पल किंवा बूट घालून सीटवर बसा. पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो. हाच बाक हवा.

आकड्यात हवे असेल तर तेही सांगतो. 1967 साली इंग्लंडमध्ये हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी सीटच्या उंचीचा अभ्यास केला. जांघेपासून जमिनीपर्यंतची लांबी शंभर धरली, तर खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर सुमारे 109 असावे, असे त्यांना आढळले. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही पायांच्या मध्ये एक वही वर घट्ट दाबून धरा आणि तिची वरची कड जमिनीपासून मोजा. ही लांबी 80 सेंटीमीटर आली तर सीट पायडलपासून 87 सेंटीमीटरच्या आसपास येईल. हा आकडा सुरुवातीपुरता आहे. शेवटचा निकाल आपले शरीर देते.

सीट एकदम वर चढवू नये. एका वेळी पाव इंच, मग चार-पाच दिवस चालवून पाहावे. चालवताना कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली किंवा गुडघ्याच्या मागे ओढ बसू लागली, तर सीट जास्त वर गेली असे समजावे. करंगळीला मुंग्या येत असतील तर बहुधा हातांवर भार जास्त पडतो आहे. सीटचे टोक खाली झुकले आहे का, हँडल फार लांब किंवा खाली आहे का, हे पाहावे. सीटच्या दांडीवर मर्यादेची खूण असते, ती फ्रेमबाहेर दिसता कामा नये. जुन्या दांडीवर खूण नसेल तर निदान अडीच इंच दांडी आत राहू द्यावी, नाहीतर ती मोडून अपघात होईल.

माता-भगिनींना एक विनंती. मुलीला शाळेची सायकल घेताना "वाढते अंग आहे" म्हणून मोठी घेऊ नका. मोठा फ्रॉक दुमडता येतो, मोठी फ्रेम दुमडता येत नाही. सीट सर्वांत खाली असताना तिची टाच खालच्या पायडलला पोचली पाहिजे आणि बोटे ब्रेकला सहज पोचली पाहिजेत. नाही पोचली तर ती सायकल तिची नाही.

आमच्या त्या तरुणाने आधी सरकारी दवाखान्यात गुडघा दाखवला. सूज नव्हती. मग नाक्यावरच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी त्याला दोनदा रस्त्यावर पिटाळले, टाच ठेवून पाहिली, सीट पाव इंच वर घेतली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी ये." असे सहा रविवार झाले, सीट दीड इंच वर आली. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा, हेही त्यांनीच शिकवले. मजुरी म्हणून एका नटाचे पैसे घेतले. हळूहळू गोळ्या सुटल्या आणि सायकल विकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

त्या मिस्त्रींच्या दुकानावर फिटर अशी पाटी नाही. तुमच्याही नाक्यावर असा एखादा माणूस असेल. येत्या रविवारी घरातली सायकल घेऊन त्याच्याकडे जा, आणि त्याने पाना उचलण्याआधी म्हणा, "मिस्त्री, आधी मी कसा बसतो ते पाहा."