मग हिलाही घरीच शिकवणार का?

लेक जूनमध्ये सहा वर्षांची होतेय. म्हणजे पहिली. त्यामुळे गेले तीन-चार महिने घरी येणारा प्रत्येक माणूस, नात्यातला असो नाहीतर सिलिंडर घेऊन येणारा ओळखीचा दादा असो, एकच प्रश्न विचारतोय. "तुम्ही तर शाळेत गेलाच नव्हता ना ताई? मग हिलाही घरीच शिकवणार का?"

विचारणाऱ्यांचे दोन गट आहेत. एका गटाला 'हो' ऐकायचं असतं, कारण त्यांना स्वतःच्या पोराला शाळेतून काढायचा मोह होतोय आणि कुणीतरी धीर द्यायला हवाय. दुसऱ्या गटाला 'नाही' ऐकायचं असतं, म्हणजे "बघा, हिचंच वाटोळं झालं, ही कशाला करेल" असं म्हणता येतं. दोघांनाही एकेक वाक्यात उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते. लांबलंय, सवडीने वाचा.

आधी एक दुरुस्ती. मी पाचवीपर्यंत शाळेत होते. माझा धाकटा भाऊ मात्र अजिबात गेला नाही. वर्ष १९९८. बाबा कॉलेजात प्राध्यापक, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझ्या शाळेत एक बाई पट्टीने हाताच्या मागच्या बाजूला मारायच्या. दर सोमवारी सकाळी माझ्या पोटात दुखायला लागायचं. डॉक्टर झाले, देवऋषी सोडून सगळं झालं. बाबांनी त्या काळात 'तोत्तोचान' वाचलं होतं, गिजुभाईंचं 'दिवास्वप्न' वाचलं होतं, जॉन होल्टची इंग्रजी पुस्तकं कुठून तरी मिळवली होती. पाचवीची परीक्षा झाली आणि शाळा सुटली ती सुटलीच.

आबा, म्हणजे माझे आजोबा, बाबांशी तीन महिने बोलले नाहीत. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस म्हणजे आबा. ते कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. ज्या साताऱ्यात १९२४ साली रयत शिक्षण संस्थेचं बिऱ्हाड आलं, जिथे भाऊराव पाटलांनी गोरगरिबांची पोरं एका पंगतीला बसवून शिकवली, त्याच साताऱ्यात त्यांचा मुलगा नातवंडांना शाळेतून काढत होता. "आरं, ज्या साळंसाठी आम्ही उपाशी चालत आलो, ती तुला नकोशी झाली व्हय?" एवढंच म्हणाले. तेव्हा मला आबा जुनाट वाटले होते.

घरचं शिक्षण कसं होतं, तर छान होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी आईबापांवर राग काढतेय. सकाळी आईबरोबर गणित, तेही बऱ्याचदा वाणसामानाच्या यादीवर. दुपारी वाचायला पुस्तक. संध्याकाळी अजिंक्यतारा चढायचा. सावली मोजून झाडाची उंची काढायची. संगम माहुलीला जाऊन कृष्णेचं पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात कुठल्या पायरीपर्यंत येतं ते वहीत लिहायचं. भाऊ नवव्या वर्षापर्यंत धड वाचत नव्हता. शाळेत असता तर दुसरीतच 'ढ' म्हणून शिक्का बसला असता. घरी कुणी घाबरलं नाही (आजी घाबरली, तिने नवस बोलला). नवव्या वर्षी तो वाचायला लागला आणि मग थांबलाच नाही. मी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. त्याने मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून. दोघंही पास झालो, पुढे शिकलो, नोकऱ्या करतो.

"पण समाजात मिसळता येतं का?" हा लोकांचा आवडता प्रश्न. येतं. पुढे जाऊ.

माझं उत्तर 'नाही' आहे, आणि त्याचं पहिलं कारण आई आहे.

आमची शाळा म्हणजे आई होती. कल्पना बाबांची, पुस्तकं बाबांची, लोकांशी वाद घालणारे बाबा. सोमवार ते शनिवार सकाळी सात ते दुपारी दोन शिकवायला आई. बाबांची नोकरी सुटली नाही. आईने तेरा वर्षांची नोकरी सोडली. राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा पेन्शनच्या हिशेबातून जाते, हे सरकारी नोकरीतल्या कुणालाही विचारा. तिच्या बरोबरीच्या बाया निवृत्त झाल्या, जुनी पेन्शन घेतायत. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून मोर्चा बघत होती. एका क्षणी म्हणाली, "त्या डावीकडच्या बाई आमच्या केंद्रातल्या." मग उठून कुकर लावायला गेली. मी काही बोलू शकले नाही.

बाबांना अजून लोक भाषणाला बोलावतात. 'सरांनी मुलांना घरी शिकवलं.' आईला आजवर एकदाही कुणी बोलावलेलं नाही.

आणि तिच्या वर्गातली चाळीस पोरं? त्यांची बाई गेली. दोन मुलांना शिक्षिका मिळाली आणि चाळीस मुलांची गेली, हा हिशेब आमच्या घरात कधी मांडला गेला नाही. मी तो पहिल्यांदा मांडला करोनाच्या वर्षी. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि सगळे म्हणायला लागले, आता काय, सगळेच होमस्कूल! मला चीड यायची. फोनवर तास भरणं म्हणजे घरचं शिक्षण नव्हे, आणि ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, तिथे तर तेही नव्हतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची दोन मुलं मी वर्षभर आमच्या ओसरीवर शिकवली. धाकटा परत शाळेत गेला. थोरला गेला नाही, वडापच्या गाडीवर लागला तो लागला. मला घरी शिकायचा जन्मभराचा अनुभव होता, पण त्याचा उपयोग नव्हता. त्याला शाळा हवी होती. रोज गैरहजर राहिला तर "का आला नाहीस" म्हणून विचारणारं कुणीतरी हवं होतं.

दुसरं कारण माझ्या बाकावरची मैत्रीण. पाचवीत माझ्या शेजारी मार्केट यार्डातल्या एका हमालाची मुलगी बसायची. ती मला गजगे शिकवायची, मी तिला व्यवहारी अपूर्णांक. शाळा सुटल्यावर आमच्यासारखीच मुलांना घरी शिकवणारी आणखी तीन कुटुंबं आम्हाला मिळाली. दोन प्राध्यापक, एक डॉक्टर. सगळ्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट. फार चांगली माणसं. पण त्यानंतर थेट अकरावीपर्यंत, माझ्यापेक्षा गरीब घरातलं एकही मूल माझ्या बरोबरीने शिकायला बसलेलं मी पाहिलं नाही. ते मूल घरात दिसायचं ते भांडी घासायला आलेल्या आईच्या पदराला धरून. यात कुणी वाईट हेतूने काही केलं नव्हतं. पण झालं ते असं.

इथे महाराष्ट्राचा इतिहास मला आडवा येतो. १८४८ साली भिडेवाड्यात फुल्यांनी मुलींसाठी शाळा काढली, कारण घरी ठेवलेल्या मुलीला शिक्षण मिळत नव्हतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते सक्तीचं आणि मोफत केलं. 'सक्ती' हा शब्द आज आपल्याला टोचतो, पण ती सक्ती मुलावर कमी आणि त्याला घरी ठेवणाऱ्या मोठ्यांवर जास्त होती.

आणि घरी शिकलेल्या माणसाने पुढे काय केलं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याकडेच आहे. पंडिता रमाबाई. आईने, लक्ष्मीबाईंनी, त्यांना संस्कृत शिकवलं. शाळा नाही, पदवी नाही, आणि विद्वत्ता अशी की कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' म्हणून गौरव केला. घरच्या शिक्षणाची याहून चांगली जाहिरात कुठली? पण त्या बाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काय उघडलं? शारदा सदन. शाळा. आणि त्यांची मुलगी मनोरमा पुढे त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. लक्ष्मीबाईंसारखी आई प्रत्येकीला मिळत नाही, हे रमाबाईंना बाकी कुणाहीपेक्षा जास्त माहीत असणार.

आता कागदाचं बोलू. भावाला दहावीनंतर एका कॉलेजच्या खिडकीवर शाळा सोडल्याचा दाखला मागितला. त्याच्याकडे मुक्त विद्यालयाचं स्थलांतर प्रमाणपत्र होतं. क्लार्क म्हणाले, हे नको, शाळा सोडल्याचा आणा. बाबा म्हणाले, अहो तो शाळेत गेलाच नाही तर सोडेल कशी? खिडकीमागे सगळे हसले. काम चौथ्या फेरीला झालं. आम्हाला ते हसण्यावारी नेता आलं, कारण बाबा 'सर' होते. पण आपल्याकडे दाखला म्हणजे काय, हे जातपडताळणीच्या रांगेत उभं राहिलेल्याला विचारा. आजोबाचं नाव शाळेच्या रजिस्टरात सापडलं तर नातवाचं भलं होतं. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ची एका मुलाच्या प्रवेशाची नोंद आजही जपून ठेवलीय, आणि ती तारीख आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळली जाते. बाबासाहेबांचं नाव रजिस्टरात असणं ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती, हे मला फार उशिरा कळलं.

भावाला माझं यातलं काहीच पटत नाही. तो आता जर्मनीत असतो, त्याचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि बापासारखाच वाचायला हळू. शाळेतून सारखे निरोप येतात. भावाला त्याला दोन वर्षं घरी ठेवायचंय, पण तिथे तशी परवानगीच नाही. तिथल्या एका कुटुंबाने मुलांना घरी शिकवायचा हट्ट धरला, तेव्हा २०१३ मध्ये त्यांची चार मुलं तीन आठवडे सरकारने ताब्यात घेतली, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुला निवड आहे म्हणून तू शाळेचं कौतुक करतेस. मला घरी ठेवलं नसतं तर मी आज काय असतो, सांग." याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्यासाठी ते बरोबरच होतं.

म्हणून, बंदी घाला असं मी म्हणणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. त्या फटीत घरी शिकवणारी कुटुंबं जगतायत. माझं म्हणणं एवढंच की फट नको, दार ठेवा. ज्यांना घरी शिकवायचंय त्यांनी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात नोंद करावी, वर्षातून एक-दोनदा कुणीतरी येऊन मुलाशी बोलावं. परीक्षा नको, नुसतं भेटावं. कारण आज घरी शिकणारी मुलगी आणि घरी बसवलेली मुलगी कागदावर सारखीच दिसते. दोघींच्याही नावापुढे शाळा नाही. पहिलीला गड चढायला नेतात, दुसरीचं चौदाव्या वर्षी लग्न ठरतं. नोंदणीला विरोध करणाऱ्या माझ्या ओळखीच्या पालकांना माझा हा सवाल आहे, आणि अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं नाही.

आता माझ्या घरचं. लेकीला घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत घालतोय. जाऊन बघून आले. एका बाईंकडे दोन इयत्ता आहेत. टेबलावर पट्टी होती. माझा डोळा तिच्यावरच होता. बाईंनी ती समास आखायला वापरली, तेव्हा श्वास सोडला.

आणि तिच्याही पोटात सोमवारी दुखायला लागलं तर? तर काढेन. वर्षभरासाठी का होईना. हे मी नवऱ्याला सांगितलं आणि विचारलं, त्या वर्षी घरी कोण राहणार? तो गप्प बसला. चार दिवसांनी म्हणाला, "ऑफिसात विचारलंय. सहा महिने बिनपगारी मिळू शकेल. उरलेले सहा तू." लग्नाला दहा वर्षं झाली, एवढं महागडं वाक्य तो आधी बोलला नव्हता.

प्रवेशाला आई आली होती बरोबर. फॉर्म भरून झाला, निघालो, तर ही दारातच थांबली. मुख्याध्यापक बाईंना म्हणाली, "शनिवारी वाचन घ्यायला कुणी आलेलं चालतं का हो?" बाई म्हणाल्या, "या की! कोण येणारंय?" "मीच. तेरा वर्षं होते जिल्हा परिषदेत."

काल माळ्यावरची पेटी खाली काढली. आमचीच जुनी पुस्तकं आहेत. झुरळाच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून गच्चीत उन्हाला घातलीयत.