कोटींचे आकडे आणि खुर्चीवरची माणसे

नवा चित्रपट प्रदर्शित होऊन चार दिवस होतात न होतात तोच त्याने किती कोटी मिळवले याचा आकडा वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत झळकू लागतो. आठवडाभरात ‘आजवरचा सर्वांत यशस्वी चित्रपट’ अशी द्वाही फिरते आणि मग घरोघरी एक वाद रंगतो. नातू म्हणतो, अमक्या चित्रपटाने हजार कोटींचा पल्ला गाठला. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी ‘मुगल-ए-आझम’च्या तिकिटासाठी लोक रात्र रात्र रांगेत बसून राहत, त्याची सर याला कुठून यायची? दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. वाद मिटत नाही, कारण दोघांच्या हातांतील मापे निराळी आहेत. नातू रुपये मोजतो, आजोबा माणसे मोजतात. ही दोन मापे एकमेकांशी कितपत जुळतात आणि त्यांच्यातील अंतर काय सांगते, याचा विचार आज करू.

प्रथम रुपयाचे माप घेऊ. दि. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली, तेव्हा प्रवेशमूल्य एक रुपया होते. तो खेळ अर्थातच मूठभर सुखवस्तू लोकांचा होता. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. सुरतेच्या मुक्कामात त्यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत. तीन आणे म्हणजे आजच्या हिशेबाने एकोणीस पैसे. देशातील सर्वांत मोठ्या बहुपडदा कंपनीच्या चित्रगृहांत २०२३-२४ या वर्षी एका तिकिटाचा सरासरी दर २५९ रुपये होता. ज्या फुटपट्टीवरील इंच दर दशकाला लहान होत जातो, तिने आजोबांची आणि नातवाची उंची मोजून कोण अधिक उंच हे ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल की महागाईचा हिशेब करून जुने रुपये आजच्या रुपयांत मांडावेत. ही सूचना योग्य आहे. परंतु तीही वाटते तितकी सोपी नाही. ‘मुगल-ए-आझम’ १९६० च्या ऑगस्टमध्ये प्रदर्शित झाला. करवजा जाता त्याचे देशातील उत्पन्न सुमारे साडेपाच कोटी रुपये झाले असे सांगण्यात येते. सामान्य गरजेच्या वस्तूंचे भाव तेव्हापासून ढोबळ मानाने ऐंशी ते नव्वद पटींनी वाढले आहेत. त्या मापाने साडेपाच कोटींचे आज साडेचारशे ते पाचशे कोटी होतात. मात्र आपल्याकडे वडीलधारी मंडळी महागाई मोजतात ती सोन्याच्या भावाने. दहा ग्रॅम सोने १९६० साली सव्वाशे रुपयांच्या आत मिळे; २०२४ च्या अखेरीस त्याला पंचाहत्तर हजारांहून अधिक रुपये पडू लागले. म्हणजे सहाशे पटींच्याही वर वाढ! या मापाने तेच साडेपाच कोटी तीन हजार कोटींच्या पलीकडे जातात. चित्रपट तोच, उत्पन्न तेच; केवळ वजने बदलली आणि निकाल सहा-सात पटींनी बदलला.

दुसरी अडचण म्हणजे ‘उत्पन्न’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या रकमा वावरत असतात. तिकिटविक्रीची सगळी रक्कम हे ढोबळ उत्पन्न. त्यातून कर वजा केला की उरते ते निव्वळ उत्पन्न. त्यातून चित्रगृहाच्या मालकाचा वाटा गेला की उरतो तो वितरकाचा हिस्सा. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ साली झाला. पुढे प्रत्येक राज्याने आपापले दर ठरवले आणि काही ठिकाणी ते इतके चढे होते की ढोबळ व निव्वळ रकमांत मोठी तफावत पडे. दि. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि ही व्यवस्था बदलली. जुन्या चित्रपटांचा निव्वळ आकडा आणि नव्याचा जगभरचा ढोबळ आकडा शेजारी शेजारी छापून केलेली तुलना म्हणजे सोललेल्या नारळाचे वजन न सोललेल्या नारळाशी ताडून पाहणे होय.

मग माणसेच का मोजू नयेत? हे माप वापरणारे देश आहेत. फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश पैशांत सांगण्याऐवजी विकल्या गेलेल्या तिकिटांत सांगण्याची रीत आहे. तेथे प्रत्येक तिकिटावर चित्रपटव्यवसायाच्या साहाय्यासाठी एक आकार घेतला जातो आणि त्यासाठी चित्रगृहांना आपल्या तिकिटांचा हिशेब राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे द्यावा लागतो. तेथील ‘ला ग्रांद व्हाद्रुई’ हा विनोदी चित्रपट १९६६ साली आला आणि त्याची १ कोटी ७२ लाख तिकिटे खपली. फ्रेंच चित्रपटांतील हा विक्रम २००८ पर्यंत टिकला. त्या दरम्यान फ्रान्सचे नाणेच पालटले, फ्रँक जाऊन युरो आला. परंतु तिकिटांची तुलना अबाधित राहिली. अमेरिकेची रीत याच्या उलट, डॉलर मोजण्याची. डॉलरच्या हिशेबात २००९ सालचा ‘अवतार’ जगातील सर्व चित्रपटांच्या पुढे आहे. तथापि १९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’ची एकट्या अमेरिकेत सुमारे वीस कोटी तिकिटे खपली असा अंदाज आहे आणि ‘अवतार’ची तेथे त्याच्या निम्म्यानेही खपली नाहीत. त्या काळी तेथील तिकीट सरासरीने पाव डॉलरलाही पडत नसे. २००९ मध्ये ते साडेसात डॉलरवर गेले होते.

आपल्या देशात तिकिटांची अशी मध्यवर्ती नोंद फार काळ झाली नाही. करखात्याच्या दप्तरांत आकडे असत. पण ते राज्याराज्यांत विखुरलेले. म्हणून आपण तिसरेच माप पत्करले: आठवड्यांचे. पंचवीस आठवडे चालला तर रौप्यमहोत्सव, पन्नास आठवडे चालला तर सुवर्णमहोत्सव. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. १९४३ सालचा ‘किस्मत’ कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे टिकला. या आठवड्यांमागे एक व्यावहारिक कारणही होते. फिल्मच्या प्रती महाग असत, म्हणून त्या थोड्या काढल्या जात. ‘मुगल-ए-आझम’ देशभरात एकाच वेळी दीडशे चित्रगृहांत लागला, तर त्याचे केवढे अप्रूप वाटले होते! एखादी प्रत आधी मोठ्या शहरात, मग जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला आणि शेवटी जत्रेतील तंबूत पोचे. आज चित्रपट एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर उमटतो आणि तीन-चार आठवड्यांत आपले आयुष्य संपवतो. आठवड्यांचे माप त्यामुळे बाद झाले.

‘शोले’ची तिकिटे किती खपली याचे पंधरा कोटींपासून पंचवीस कोटींपर्यंत निरनिराळे अंदाज छापून आले आहेत. आपण सर्वांत कमी अंदाज धरू. देशाची लोकसंख्या तेव्हा साठ कोटींच्या आसपास होती. म्हणजे दर चार माणसांमागे एक तिकीट. ‘बाहुबली’चा दुसरा भाग २०१७ साली आला. हजार कोटी रुपयांचे ढोबळ उत्पन्न पार करणारा तो पहिला भारतीय चित्रपट. त्याची दहा कोटींहून अधिक तिकिटे खपल्याचा अंदाज आहे. लोकसंख्या मात्र एकशे तीस कोटींच्या पुढे गेलेली. म्हणजे दर तेरा माणसांमागे सुमारे एक तिकीट.

येथे आजोबांनी लगेच विजयाची पताका उभारू नये. तिकीट म्हणजे माणूस नव्हे. एकाच माणसाने ‘शोले’ दहा वेळा पाहिला असेल, तर त्याची दहा तिकिटे झाली. शिवाय १९७५ मध्ये दूरदर्शन मोजक्या शहरांपुरते होते. आवडलेला चित्रपट पुन्हा पाहायचा तर चित्रगृहाखेरीज मार्ग नव्हता. आज तोच चित्रपट काही आठवड्यांत घरच्या पडद्यावर येतो, हातातील फोनवरही दिसतो. इतक्या पर्यायांतून दहा कोटी वेळा लोक उठून चित्रगृहापर्यंत गेले, हे ‘बाहुबली’चे यशही थोर आहे. मराठीतही हाच न्याय लावावा. २०१६ सालच्या ‘सैराट’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला, तो मराठी चित्रपटाने प्रथमच. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९९१ साली, ‘माहेरची साडी’साठी खेडोपाडीच्या स्त्रिया झुंडीने लोटल्या होत्या, पण त्या दिल्या-घेतल्या चार-दोन रुपयांचा ढीग कोटींच्या शर्यतीत ठेंगणाच दिसणार.

थोर कोण हा वाद असा अनिर्णितच राहणार. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे, आणि ती दोन्ही मापे एकत्र धरली तरच दिसते. व्यवसायाची पाहणी करणाऱ्यांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये भारतीय चित्रगृहांत सुमारे १०३ कोटी तिकिटे खपली आणि सुमारे १०,९५० कोटी रुपये जमले. २०२४ मध्ये रक्कम वाढून सुमारे ११,८३० कोटी झाली. परंतु तिकिटे घटून ८८ कोटींवर आली. तिकिटाची सरासरी १०६ रुपयांवरून १३४ रुपयांवर गेली. नुसते रुपये पाहणारा म्हणेल, व्यवसाय वाढला. माणसे मोजणारा विचारील, पंधरा कोटी वेळा चित्रगृहात येऊन बसणारी ती माणसे कुठे गेली?

काही घरी पडद्यासमोर बसली, हे उघड आहे. काहींच्या गावातील एकपडदा चित्रगृह बंद पडले. आणि काहींना दर परवडेनासा झाला. पूर्वीच्या चित्रगृहात बाल्कनी आणि पिट यांच्या दरांत मोठे अंतर असे. सावकार आणि हमाल एकाच छपराखाली, एकाच विनोदाला हसत. पिटातील ती स्वस्त जागा नव्या चित्रगृहांत बहुतांशी उरलेली नाही. आई-वडील आणि दोन मुले अडीचशे रुपयांच्या दराने गेली की खाण्यापिण्यापूर्वीच हजार रुपये संपतात.

दराचा प्रश्न काल्पनिक नाही याला एक दाखलाही आहे. दि. २३ सप्टेंबर २०२२ हा ‘राष्ट्रीय चित्रपट दिन’ म्हणून बहुपडदा चित्रगृहांच्या संघटनेने साजरा केला आणि तिकीट ७५ रुपये ठेवले. त्या एका दिवशी सुमारे ६५ लाख लोक आले. देशातील सर्व चित्रगृहे धरूनही त्या वर्षीची रोजची सरासरी पंचवीस लाखांच्या आतच होती. एका दिवसाच्या नवलाईवरून वर्षाचे अनुमान काढता येत नाही, हे मान्य. पण चित्रगृहाची ओढ संपलेली नाही, एवढे त्यावरून नक्की कळते. दक्षिणेकडील काही राज्यांत तिकिटाच्या कमाल दरावर सरकारी मर्यादा आहे. करातही भेद आहे: सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरील तिकिटावर १८ टक्के. स्वस्त तिकीट टिकावे, ही इच्छा त्यामागे दिसते.

म्हणून यापुढे कोटींचा आकडा वाचनात आला, तर तीन प्रश्न विचारावेत. ही रक्कम ढोबळ की निव्वळ? तिकिटाचा दर काय होता? आणि त्या रकमेमागे माणसे किती होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे व्यापाऱ्याच्या कामाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर समाजाच्या कामाचे आहे. चित्रपट ही स्वस्त करमणूक म्हणून या देशात रुजली, आणि अनोळखी माणसांनी अंधारात शेजारी बसून एकच गोष्ट अनुभवावी, हे तिचे मोल आहे. ते मोल तिजोरीतील रुपयांवरून कळत नाही; भरलेल्या खुर्च्यांवरून कळते.