वनविद्येची शिष्यवृत्ती कोणासाठी?

१८७८ साली इंग्रज सरकारने कायद्याने जंगलावरील रयतेचे हक्क आवळले आणि त्याच वर्षी डेहराडूनला वनशाळा काढून जंगलाचे राखणदार घडविण्यास आरंभ केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन हा ग्रामसभेचा अधिकार मानला; २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने तो मिळविला. परंतु अधिकार चालवायला विद्या लागते. केवळ गुणपत्रिका पाहून दिलेली शिष्यवृत्ती गावाला नवा साहेबच पाठवील. ग्रामसभेने निवडलेल्या मुलामुलींना निर्वाहखर्चासह शिष्यवृत्ती मिळावी आणि त्यांनी शिकून गावाच्याच वनाचा आराखडा करावा. कार्यकर्त्यांनी हा ठराव प्रत्येक ग्रामसभेत मांडला पाहिजे. विद्येवाचून मिळालेला हक्क कागदावरच राहतो.